टोमॅटो कुठला? 'शेतातून थेट ताटात', आठ महिन्यांनंतर

स्वतःच्या शेतातलंच वाढतो म्हणणाऱ्या एका हॉटेलाला पाचपैकी साडेचार गुण द्यायचे असं ठरवून हा अनुभव मी दोन महिन्यांपूर्वीच अर्धा लिहून ठेवला होता. मग एका रविवारी ताटात टोमॅटोच्या दोन चकत्या आल्या आणि साडेचाराचे अडीच झाले. आता साडेतीनवर आहे. उद्याचं माहीत नाही.

जागेचं वर्णन करत बसत नाही. लहान गाव, लाकडी बाकं, मातकट रंगाच्या ताटल्या, भिंतीवर काळा फळा आणि त्यावर खडूने 'आजचं शेतातून'. अशी एखादी जागा तुम्हीही पाहिली असेल. इथे वेगळं एवढंच की खिडकीला लागूनच त्यांचं शेत आहे, जेवता जेवता वाफे दिसतात. मी आणि माझी मैत्रीण आठ महिन्यांत सहा वेळा गेलो. ती शेतकऱ्याच्या घरातली, मी हिशेबी घरातली. ती फळा वाचते, मी मेनूची उजवी बाजू. पहिल्या दोन खेपांना घरी येऊन मी पुन्हा जेवले होते, हेही नोंदवून ठेवते.

आता बीट. तिसऱ्या खेपेला सुरुवातीला बीट, मधल्या ताटात भाजलेलं बीट आणि शेवटी गोडातसुद्धा बीट. मला त्याचा मातकट वास झेपत नाही. मैत्रिणीला तोच आवडतो. पहिल्या पावसात जमिनीतून येतो तो वास आणि बीटचा वास एकाच संयुगाचा, जिओस्मिनचा, हे तिनेच मला ऐकवलं. आंबट घातलं की तो वास कमी होतो. चौथ्या खेपेपासून बीटवर व्हिनेगर पडायला लागलं म्हणजे स्वयंपाकघरातही कुणाच्या तरी ते लक्षात आलं असावं. तरी बीट ते बीटच. दारापाशी अभिप्रायाची वही असते. तिसऱ्या खेपेला जाता जाता मी त्यात काहीतरी खरडलं आणि विसरून गेले.

पाचव्या खेपेला टोमॅटो आला. खरं सांगते, मला आनंद झाला. मैत्रिणीने मात्र काट्याने चकती उलटी केली. मधला गाभा पांढरा, कडक. बियांभोवतीचा गर कोरडा. नाकाशी नेली तर वास नाही, आणि ओठाला लागला गारवा. तिने फळ्याकडे पाहिलं: टोमॅटो, आजचा. मग खिडकीबाहेर पाहिलं.

"अगं, ते बघ. झाडं उपटून बांधावर टाकलीत. वाळून काटक्या झाल्यात. महिना तरी झाला असेल. मग हा कुठला?"

वाढणाऱ्या मुलाला विचारलं. तो आत जाऊन आला, "शेतातलाच आहे." कुठल्या शेतातला? पुन्हा आत. तिसऱ्यांदा बाहेर आला तेव्हा बिचाऱ्याचे कान लाल झाले होते, आणि मागोमाग मालकीणबाई आल्या.

इथे माझी चिडचिड नीट समजून घ्या. टोमॅटो बाजारातून आणला म्हणून मी चिडले नाही. घरी मीही बाजारातलाच खाते. पण तो मी फ्रिजमध्ये ठेवत नाही. २०१६ मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी टोमॅटो आठवडाभर ५ अंशांवर ठेवून पाहिले, तेव्हा चव आणणारी सुगंधी द्रव्यं बरीच घटली, आणि बाहेर काढून ठेवल्यावरही पुरती परत आली नाहीत. म्हणजे जो माल मी घरी जास्त चांगला खाते, तोच इथे थंडगार करून, वर शेताचं नाव चिकटवून, मला दुप्पट-तिप्पट भावात विकला. बिलातून ती ताटली वजा करा, असं मी सांगितलं. मैत्रीण टेबलाखालून माझा पाय दाबत होती.

हा प्रकार नवा नाही म्हणा. २०१६ मध्येच फ्लोरिडातल्या 'टॅम्पा बे टाइम्स' या वृत्तपत्राच्या खाद्यसमीक्षिकेने तिथल्या हॉटेलांच्या मेनूवरची शेतांची नावं घेऊन थेट शेतकऱ्यांकडे चौकशी केली होती. आम्ही यांना माल देतच नाही, असं अनेकांनी सांगितलं. 'सेंद्रिय' म्हणायला निदान बऱ्याच देशांत प्रमाणपत्र तरी लागतं. 'शेतातून थेट' लिहायला खडू पुरतो.

मालकीणबाईंनी वाद घातला नाही. ताटली वजा केली. मग अभिप्रायाची वही आणली, पानं उलटली आणि माझ्यासमोर ठेवली. अक्षर माझंच. 'बीट पुरे झालं! टोमॅटोसारखं काहीतरी ताजं ठेवा की.'

"तुमच्यासारखं आणखी नऊ जणांनी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "फळा बदलायला हवा होता, ती चूक आमची. पण टोमॅटो नाही म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात."

मैत्रीण हसून हसून खोकायला लागली.

परतताना गाडीत तिने माझी चांगलीच कानउघाडणी केली. अमेरिकन शेफ ॲलिस वॉटर्स यांनी १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत 'शे पनीस' हे हॉटेल काढलं तेव्हा गिऱ्हाइकापुढे रोज एकच ठरलेला मेनू यायचा, निवड वगैरे काही नाही. शेताच्या कलाने जेवायचं तर असंच असणार. तीन ताटांत बीट आलं तेव्हा ते खरोखर शेतातून येत होतं, आणि त्याच दिवशी तू तक्रार लिहून आलीस. हे मला पटलं. पण मग कोरडा टोमॅटो खपवताना भाव तोच का, याला तिच्याकडे उत्तर नव्हतं.

सहाव्या खेपेला, म्हणजे मागच्या रविवारी, फळ्यावर मधोमध एक रेघ आली होती. डावीकडे 'आमच्या शेतातलं', उजवीकडे 'बाजारातलं'. मैत्रीण खूश. मी उजवा रकाना मोजला: तेल, पीठ, मीठ, दूध धरून अकरा नावं. डावीकडे चार. मेनूवरचे आकडे जिथल्या तिथे. अर्धा गुण मी त्याचाच कापलाय, आणि एक पूर्ण गुण अजूनही त्या चकतीचा.

खिडकीबाहेर नवीन वाफ्यात वीतभर रोपं काठ्यांना बांधलेली होती. टोमॅटोचीच, मैत्रीण म्हणाली, अजून दोन महिने तरी. तोच मुलगा वही-पेन्सिल घेऊन आला, माझ्याकडे बघायचं टाळत मैत्रिणीलाच म्हणाला, "आज काय देऊ?"

डाव्या रकान्यात तिसरं नाव बीटचं होतं. मी तेच मागवलं. व्हिनेगर जरा जास्त, एवढं मात्र सांगितलं.