फील्ड हॉस्पिटलसाठी स्वयंसेवक: तयार पथक की नावांची यादी?

फील्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आपत्तीत तात्पुरत्या उभारलेल्या रुग्णालयाच्या, नियोजनात तंबू, खाटा, जनरेटर यांचा हिशेब आधी होतो आणि माणसांचा मागाहून. २०२० च्या एप्रिलमध्ये लंडनच्या एक्सेल प्रदर्शन केंद्रात नाइटिंगेल रुग्णालय काही दिवसांत उभं राहिलं. खाटा ४,००० पर्यंत वाढवायची तयारी होती. कोविडच्या पहिल्या लाटेत तिथे ५४ रुग्णांवर उपचार झाले. इतर रुग्णालयांनी आपल्या खाटा वाढवल्याने गरज घटली हे खरं, पण अतिदक्षता परिचारिकांची टंचाईही नडली. त्याच वर्षी वुहानच्या हुओशेनशान रुग्णालयात १,००० खाटांसाठी सुमारे १,४०० लष्करी वैद्यकीय कर्मचारी धाडले गेले. ते स्वयंसेवक नव्हते, पण खाटांबरोबर माणसंही ठरलेली होती.

स्वयंसेवकांच्या बाबतीत निवड मुख्यतः दोन पद्धतींत करायची असते. एक, एकाच रुग्णालयातून किंवा संस्थेतून एकत्र सराव केलेलं पथक. दुसरी, आगाऊ नोंदणी केलेल्या व्यक्तींची यादी.

पहिल्या ४८ तासांत पथकाला तोड नाही. रक्तदाब कोसळतोय, सर्जन नुसता हात पुढे करतो आणि परिचारिका न विचारता योग्य क्लॅम्प हातात ठेवते. भूलतज्ज्ञाने मान वर केली की टेक्निशियनला कळतं सक्शन हवंय. ही समज यादीतून नावं काढून मिळत नाही. एरवी तज्ज्ञ असलेली पाच माणसं पहिल्यांदाच एका टेबलाभोवती उभी राहिली, तर अर्धा वेळ ‘हे कुठे ठेवलंय’ यातच जातो. मात्र पथक ज्या रुग्णालयातून येतं तिथे तेवढंच भगदाड पडतं. आपत्ती त्याच भागात असेल तर त्या रुग्णालयालाही जखमींची रीघ लागलेली असते. म्हणून पथक शक्यतो बाधित भागाबाहेरचं घ्यावं.

यादीचं बळ वेगळं आहे. एकाच ठिकाणाहून माणसं ओढली जात नाहीत आणि दुर्मीळ कौशल्यं शोधता येतात: डायलिसिस टेक्निशियन, बालरोग परिचारिका, फिजिओथेरपिस्ट. २००१ च्या न्यूयॉर्क हल्ल्यानंतर धावून आलेल्या कित्येकांची पात्रता जागच्या जागी तपासता आली नाही. त्यातूनच अमेरिकेत आगाऊ नोंदणीची राज्यवार व्यवस्था उभी राहिली. पण यादी शिळी होते. परवान्याची मुदत संपते, माणूस नोकरी बदलतो, वरिष्ठ सुट्टी देत नाहीत. ‘येईन’ म्हणणारा आणि येऊ शकणारा यांत फरक असतो, म्हणून नोंदणीच्या वेळीच मूळ रुग्णालयाची लेखी परवानगी घ्यावी, असं मी आग्रहाने सांगेन.

दोन्हींत खरा कस लागतो तो पाळ्यांवर. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याचे १६८ तास होतात. माणशी ४८ तास धरले तर साडेतीन माणसं, आजारपण आणि पाळी सोपवण्याचा वेळ धरून चार. वीस खाटांच्या कक्षात दर पाळीला तीन परिचारिका ठेवायच्या तर बारा जणी हव्यात, आणि यात शस्त्रक्रियागृह धरलेलंच नाही. डॉक्टरांची नावं भराभर जमतात. परिचारिका, औषधनिर्माते, निर्जंतुकीकरण सांभाळणारे आणि स्थानिक भाषेचे दुभाषे यांच्यापाशी गाडी अडते.

ऐनवेळी स्वतःहून येणाऱ्यांवर नियोजन उभारू नये. २०१० च्या हैती भूकंपात आलेल्या पथकांच्या दर्जात इतकी तफावत होती की २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने परदेशी वैद्यकीय पथकांसाठी किमान निकष जाहीर केले. स्वतःहून आलेल्यांना परत पाठवू नका, पण परवाना तपासल्याशिवाय रुग्णाला हात लावू देऊ नका. तोवर नोंदी ठेवणं, स्ट्रेचर वाहणं, नातेवाइकांना माहिती देणं ही कामं त्यांना देता येतात.

माझं मत विचाराल तर शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता आणि भूल पथकाकडे सोपवा. बाह्यरुग्ण विभाग, कक्ष आणि दुसऱ्या आठवड्यापासूनची बदली यादीतून भरा. हाताशी एकच पद्धत असेल आणि शस्त्रक्रिया करायच्या असतील, तर पथक निवडा, भले खाटा कमी ठेवाव्या लागल्या तरी. फक्त तपासणी-उपचार केंद्र चालवायचं असेल तर चांगली, दर सहा महिन्यांनी फोन करून ताजी ठेवलेली यादी पुरते.