'फायर अँड ब्लड': काही महिन्यांच्या वाचनानंतर

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं हे २०१८ सालचं पुस्तक मी इतिहासाच्या आवडीपोटी घेतलं. आता ते संदर्भग्रंथासारखं कायम टेबलावर असतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

ही कादंबरी आहे असं समजून विकत घेऊ नका. वेस्टेरॉस या काल्पनिक राज्यातल्या टारगेरियन या ड्रॅगनस्वार राजघराण्याचा हा इतिहास आहे, तोही गिल्डेन नावाच्या तिथल्याच एका पंडिताच्या लेखणीतून उतरलेला. संवाद मोजकेच. सुरुवातीला जड जातं.

पुस्तकाची खरी ताकद इतिहासाच्या साधनांच्या, म्हणजे वेगवेगळ्या साक्षीदारांच्या नोंदींच्या, हाताळणीत आहे. या घराण्यातल्या यादवीची पहिली ठिणगी पडते ती राजाच्या सल्लागारांच्या सभेत. राजा व्हिसेरिस गेलाय, मुलीचा हक्क डावलून मुलाला गादीवर बसवायचं घाटतंय आणि म्हातारा खजिनदार बीसबरी एकटा विरोध करतो. त्याचं पुढे काय झालं? धर्मगुरू युस्टेस म्हणतो, राजाच्या अंगरक्षकांचा प्रमुख क्रिस्टन कोलने जागेवरच गळा चिरला. दरबारी विदूषक मशरूम सांगतो, खिडकीतून खाली फेकला. सभेत हजर असलेला दरबारी पंडित ऑरवाइल म्हणतो, कोठडीत टाकला आणि तिथे थंडीतापाने गेला. पण ऑरवाइल स्वतःच त्या कटात सामील होता, तेव्हा त्याचं कितपत धरायचं? बखरी ताडून वाचण्याची सवय असलेल्याला इथे हरखून जायला होईल. मी तर समासात पेन्सिलीने कोण कुठे हजर होता याच्या खुणा करायला लागलो.

इंग्लंडचा इतिहास माहीत असेल तर आणखी मजा. पहिल्या हेन्रीचा वारस ११२० साली जहाज बुडून गेला, त्याने मुलगी मटिल्डासाठी सरदारांकडून शपथा घेतल्या, आणि तरी ११३५ मध्ये हेन्रीचा भाचा स्टीफनने मुकुट पटकावला. व्हिसेरिसच्या मुलीचं दुखणं तेच.

माझा सर्वात आवडता भाग मात्र व्हिसेरिसचा आजोबा, राजा जेहेरिस याच्या राजवटीचा. रस्ते, राजधानीचं पाणी, गटारं, आणि या सगळ्याला पैसा आणायचा कुठून? परदेशी खजिनदार रेगो ड्राझ रेशमावर, मसाल्यांवर कर लावतो, किल्ले बांधणाऱ्या सरदारांकडूनही वसूल करतो. पुढे साथ येते आणि चिडलेला जमाव त्यालाच ठार मारतो. ड्रॅगनांच्या लढायांपेक्षा ही पानं मी जास्त वेळा उघडली.

नावांचा गोंधळ मात्र होतोच, एगॉन नावाचेच किती जण! शेवटी वंशावळ आहे, पण मोबाइलवर ती वाचता येत नाही. छापील प्रतच घ्या. डग व्हीटली यांची चित्रंही कागदावरच खुलतात. अल्पवयीन राजाच्या कारभाऱ्यांचा शेवटचा भाग रेंगाळतो. तो मुलगा सोळाचा होतो, कारभाऱ्यांना घरी पाठवतो आणि तिथेच हा खंड संपतो. दुसरा अजून आलेला नाही.