अवकाशयान की रेडिओ दुर्बीण: संशोधनाची वाट निवडताना

भौतिकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या आणि पुढे अवकाशविज्ञानातच संशोधन करायचे असे ठरवलेल्या विद्यार्थ्यापुढे लवकरच एक प्रश्न येतो. ग्रहांपर्यंत उपकरणे नेणाऱ्या यानांच्या कामाकडे वळावे, की पृथ्वीवर राहून रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणींकडे? दोन्हींना सरसकट ‘अवकाश संशोधन’ म्हटले जाते; परंतु दोन्हींचे प्रश्न, वेळेचे गणित आणि रोजचे काम यांत एवढे अंतर आहे की, निर्णयापूर्वी ते नीट समजून घ्यावे असे मला कळकळीने वाटते.

हे अंतर शुक्राच्या उदाहरणातून सर्वांत स्वच्छ दिसते. ढगांच्या जाड थरामुळे साध्या दुर्बिणीला शुक्राचा पृष्ठभाग दिसत नाही, आणि त्यामुळे तेथे समुद्र असावेत असाही कयास पूर्वी केला जात असे. 1956 मध्ये कॉर्नेल मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतील रेडिओ दुर्बिणीने सुमारे 3 सेंटिमीटर तरंगलांबीवर शुक्राचे निरीक्षण केले, तेव्हा तापमान सुमारे 600 केल्विन, म्हणजे 300 अंश सेल्सिअसच्याही वर निघाले. मात्र ही ऊर्जा पृष्ठभागावरून येते की वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, याचा निर्णय त्या मोजमापातून होत नव्हता, कारण त्या दुर्बिणीला शुक्राची कड आणि मध्यभाग वेगळे ओळखता येत नव्हते. 14 डिसेंबर 1962 रोजी मरिनर-2 हे यान शुक्रापासून सुमारे 35,000 किलोमीटरवरून गेले आणि त्यावरील छोट्या रेडिओ ग्राहकाला, म्हणजे लहरी टिपणाऱ्या उपकरणाला, कड मध्यभागापेक्षा मंद आढळली. ऊर्जा वरच्या थरातून येत असती, तर कड उलट अधिक तेजस्वी दिसली असती. म्हणून उष्णता खालूनच येते हे ठरले. पुढे डिसेंबर 1970 मध्ये सोव्हिएत संघाचे व्हेनेरा-7 शुक्रावर उतरले आणि त्याच्या संदेशांवरून पृष्ठभागाचे तापमान सुमारे 475 अंश सेल्सिअस असल्याचे कळले. पृथ्वीवरून ऐकणाऱ्याने शंका उभी केली, जवळून जाणाऱ्याने तिचा निकाल लावला आणि उतरणाऱ्याने आकडा हाती दिला.

आता पल्ला पाहू. व्हॉयेजर-1 सप्टेंबर 1977 मध्ये निघाले आणि ऑगस्ट 2012 मध्ये सौरवाऱ्याच्या, म्हणजे सूर्यातून वाहणाऱ्या कणांच्या, प्रभावक्षेत्राबाहेर पडले; आजवर सर्वांत दूर गेलेले यान हेच आहे. तरीही जवळपास पन्नास वर्षांत त्याने गाठलेले अंतर प्रकाश सुमारे एका दिवसात पार करतो. याउलट एम-87 या दीर्घिकेतील कृष्णविवर साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. निरनिराळ्या खंडांवरील रेडिओ दुर्बिणींनी एप्रिल 2017 मध्ये एकाच वेळी त्याची निरीक्षणे घेतली आणि त्यांतून तयार झालेली प्रतिमा 10 एप्रिल 2019 रोजी जगापुढे आली. तेव्हा कृष्णविवरे, पल्सार (ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद देणारे मृत ताऱ्यांचे अवशेष) किंवा दूरच्या दीर्घिकांतील हायड्रोजन हे तुमचे विषय असतील, तर यानाचा पर्यायच उरत नाही. परंतु चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक आहे, हे 2023 मध्ये चांद्रयान-3 च्या प्रज्ञान बग्गीला जागेवर लेसर मारूनच सिद्ध करता आले. दगड, माती, खनिजे यांची ओढ असणाऱ्याने रेडिओच्या वाटेला जाऊन स्वतःची निराशा करून घेऊ नये.

वेळेचा मुद्दा विद्यार्थी सहसा विचारात घेत नाहीत, आणि मला तोच सर्वांत निर्णायक वाटतो. न्यू होरायझन्स जानेवारी 2006 मध्ये निघाले, जुलै 2015 मध्ये प्लूटोजवळून गेले आणि त्या भेटीतील सगळी माहिती पृथ्वीवर उतरवून घेण्यास ऑक्टोबर 2016 उजाडले. शिवाय उड्डाणाच्या दिवशी यानावर जे उपकरण असते, तेच शेवटपर्यंत वापरावे लागते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीची गोष्ट निराळी आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या आणि सुमारे 25 किलोमीटर परिसरात पसरलेल्या तिच्या 30 अँटेना त्याच राहिल्या. पण त्यांवरील ग्राहक आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बदलून तिची क्षमता कितीतरी वाढवण्यात आली. याच सुधारित दुर्बिणीतून घेतलेल्या पल्सारांच्या नोंदी 2023 मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या (अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांच्या) शोधाला उपयोगी पडल्या. तिच्यासाठी जगभरातून निरीक्षणांचे प्रस्ताव मागवले जातात, त्यामुळे एखादी कल्पना फसली तरी पुन्हा अर्ज करता येतो. पीएचडीच्या पाच वर्षांत ही सवलत फार मोलाची ठरते.

अर्थात रेडिओची वाट सोपी मुळीच नाही. मोबाइल मनोरे, वीजवाहिन्या आणि उपग्रह यांच्या गोंगाटातून अत्यंत क्षीण लहरी वेगळ्या काढण्यातच बराच काळ जातो आणि दिवसाचा मोठा भाग संगणकापुढे प्रोग्रॅम लिहिण्यात सरतो. सुमारे 10 मेगाहर्ट्झखालच्या लहरी तर आयनांबरामुळे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे, बहुतेक जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणूनच जानेवारी 2019 मध्ये चंद्राच्या पलीकडल्या बाजूला उतरलेल्या चीनच्या चांग-अ-4 यानावर अशा लहरी ऐकणारे उपकरण पाठवण्यात आले होते.

यानांच्या वाटेवरील जोखीम वेगळ्या जातीची असते. 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपचे शियापारेल्ली यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संदेश खोडदच्या अँटेना टिपत होत्या, आणि जमिनीला टेकण्याच्या थोडे आधी तो संदेश थांबला. यान जमिनीपाशी पोहोचले आहे असा त्याच्या संगणकाचा समज झाला होता. प्रत्यक्षात ते सुमारे पावणेचार किलोमीटर उंचीवर होते, आणि इंजिने काही सेकंदांतच बंद पडून ते कोसळले. त्यावरील उपकरणांसाठी वर्षानुवर्षे राबलेल्या संशोधकांना मंगळाच्या पृष्ठभागावरील एकही मोजमाप मिळाले नाही.

एवढे सगळे तोलून पाहिल्यावर, ज्याचा विषय अजून पक्का झालेला नाही अशा महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने सुरुवात रेडिओपासून करावी, असे माझे मत आहे. दुर्बीण आणि ती चालवणारे पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, दोन्ही जवळ आहेत. शिवाय दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभारल्या जात असलेल्या एसकेए या रेडिओ महादुर्बिणीतील सहभागासाठी भारत सरकारने 1,250 कोटी रुपये मंजूर केले आहेत, त्यामुळे पुढील काही दशके या क्षेत्रात काम मिळत राहील. ज्याला हाताने उपकरण घडवून ते अवकाशात गेलेले पाहायचे आहे, त्यानेही पुणे सोडलेच पाहिजे असे नाही. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल1 या भारतीय यानावरील, सूर्याच्या अतिनील प्रतिमा घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेने इस्रोच्या सहकार्याने घडवली आहे. ग्रहांचाच ध्यास असेल, तर अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा किंवा तिरुवनंतपुरमची अवकाश विज्ञान व तंत्रज्ञान संस्था गाठावी. अर्ज भरण्याआधी मात्र एक काम जरूर करावे. चांद्रयान-2 ची निरीक्षणे इस्रोच्या ‘प्रदान’ संकेतस्थळावर आणि जीएमआरटीची जुनी निरीक्षणे तिच्या संग्रहात अभ्यासासाठी खुली आहेत. दोन्हींवर महिनाभर स्वतः काम करून पाहावे आणि 28 फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनाच्या सुमारास खोडदला जाऊन तेथील अभियंत्यांना आपल्या शंका विचाराव्यात.