हरवलेलं सोनं आणि पुण्याची माती: मेटल डिटेक्टर वापरून झाल्यावर

पावसाळ्याआधी घेतलेला डिटेक्टर थंडी सरेपर्यंत भरपूर फिरवून झाला. 12 किलोहर्ट्झची एकच फ्रिक्वेन्सी, 28 सेंटिमीटरची डीडी कॉइल (जमिनीवर फिरवायची चकती, आत D आकाराची दोन वेटोळी), धातू कोणता असावा हे सुचवणारे 00 ते 99 आकडे दाखवणारा स्क्रीन आणि नको ते आकडे गप्प करायला नॉच. मधल्या किमतीतली बरीच मशीनं अशीच असतात, म्हणून मॉडेलपेक्षा वापराबद्दल लिहितो. मी तो फक्त ओळखीपाळखीतल्यांचे हरवलेले दागिने शोधायला वापरतो.

आधी जमीन. पुणं दख्खनच्या बेसॉल्टवर वसलंय. त्या दगडातल्या मॅग्नेटाइटमुळे काळी माती असो की मुरूम, मशीन नुसत्या जमिनीलाच ओरडतं. बटण दाबून कॉइल खाली-वर हलवत ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा आवाज वजा करणं, केल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि लॉनवरून मुरमाच्या पार्किंगकडे वळलात की तो पुन्हा करा. अशा मातीत खोल गेलेल्या वस्तूचा आकडा लोखंडाकडे घसरतो. त्यामुळे परदेशी व्हिडिओ पाहून डिस्क्रिमिनेशन (खालचे आकडे गप्प करणारं सेटिंग) चढवलंत तर लोखंडाबरोबर सोनंही गप्प होतं. मी लोखंड कधीच पूर्ण बंद करत नाही, त्याचा आवाज तेवढा बारीक ठेवतो. खिळ्याशेजारी पडलेली अंगठी असेल तर त्या घरघरीत मधेच एखादा स्वच्छ सूर येतो. कॉइल सावकाश फिरवलीत तरच तो कळतो.

आता कोणते आकडे ऐकायचे, त्याची निवड. माझ्या मते ती हरवलेल्या वस्तूसारखा नमुना हातात घेऊनच करावी. कर्वेनगरला आमच्या शेजारच्या काकूंची एक कुडी सोसायटीच्या लॉनवर पडली. मी आधी दुसरी मागून घेतली. त्याच लॉनवर, खाली काही वाजत नाही अशी जागा बघून ती ठेवली आणि कॉइल उभी-आडवी फिरवली. आकडा लोखंडाच्या हद्दीच्या जरासाच वर येत होता, तोही दोन-तीन अंकांनी हलत. त्याच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडून वरचे सगळे आकडे नॉचमध्ये टाकले. कुडी त्याच आठवड्यात पडलेली, म्हणजे गवताच्या मुळाशीच असणार, म्हणून सेन्सिटिव्हिटीही उतरवली. जमिनीची बडबड तेवढ्यानेच निम्मी झाली. मग सुतळी बांधून पट्टे पाडले आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवत गेलो. कुडी तगरीच्या बुंध्याशी मिळाली. काकूंनी ती आधी डोळ्यांना लावली.

आकड्याला मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. औषधाच्या गोळ्यांच्या पट्टीचा तुकडा आणि लहानसा सोन्याचा दागिना एकाच आकड्यावर येऊ शकतात. दोघांना खात्रीने वेगळं करणारं सेटिंग नाही, तिथे उकरावंच लागतं. बाटलीचं पत्र्याचं बूच मात्र ओळखता येतं. मधोमध ते चांगल्या धातूसारखं वाजतं, पण कॉइलची कड त्यावरून नेली की आवाज फुटतो आणि लोखंडाची घरघर मिसळते. बारीक साखळी सगळ्यात अवघड, कारण मशीनला तिची एकेक कडी सुटी दिसते. मंगळसूत्र हरवलं तर वाट्यांवर लक्ष ठेवा. काळे मणी काचेचे, ते वाजणारच नाहीत.

तयार ‘कॉइन मोड’वर आपल्याकडे विसंबू नका. आजची एक-दोन रुपयांची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची, चुंबकाला चिकटणारी. परदेशी नाण्यांसाठी बेतलेल्या गाळणीतून ती निसटू शकतात.

जुनं काही सापडेल या आशेने घेत असाल तर 1878 चा निखात निधी कायदा वाचा. जमिनीत दडलेलं, 10 रुपयांहून जास्त मोलाचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शनिवारवाडा, पाताळेश्वर ही संरक्षित स्मारकं आहेत, तिथे मशीन नेऊच नये. अशा जागी काढलेल्या एका खड्ड्याने मातीच्या थरांतला इतिहास कायमचा जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

घेताना नॉच, हाताने करता येणारा ग्राउंड बॅलन्स आणि लोखंडाच्या आवाजाचं वेगळं बटण, या तीन गोष्टी बघून घ्या. खोलीच्या जाहिरातीपेक्षा त्यांचा उपयोग जास्त. पिनपॉइंटरचे (नेमकी जागा दाखवणाऱ्या, हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरचे) पैसेही त्याच बजेटमध्ये धरा. तो असला की लॉनमध्ये खुरप्याने चार बोटांची खाच पुरते आणि गवत परत जागेवर बसवता येतं.