कारमधला नवा रेडिओ, नऊ महिन्यांनंतर: सेट चांगला, वायरिंग बघून घ्या

मे महिन्यात कुर्ल्याच्या एका दुकानात आमच्या जुन्या हॅचबॅकला नवा रेडिओ बसवला. सेटबद्दल तक्रार नाही. ब्लूटूथ चटकन जोडतं, आवाज मोकळा आहे. डोकेदुखी झाली ती मागच्या वायरिंगची.

गणपतीला रेल्वेने गावी गेलो. गाडी आठ दिवस मुलुंडला सोसायटीत उभी. परत येऊन चावी फिरवली तर नुसतं 'टक'. शेजारच्या काकांच्या गाडीवरून जंप केबल लावली तेव्हा सुरू झाली. बॅटरी वर्षाचीच, म्हणून संशय रेडिओवर गेला. बंद गाडी बॅटरीतून किती करंट ओढते ते बघायला पुढच्या रविवारी मल्टिमीटर 10 अँपिअरवर ठेवून निगेटिव्ह केबल आणि बॅटरी यांच्या मध्ये लावला, गाडी लॉक करून अर्धा तास थांबलो. (लगेच वाचलंत तर आकडा फसवतो, गाडीतले कंट्रोलर झोपायला वेळ घेतात.) 0.31 अँपिअर! 0.05 च्या आत असायला हवं. 35 अँपिअर-अवरची बॅटरी या हिशोबाने पाचव्या दिवशी आडवी.

सेट बाहेर ओढला आणि कपाळावर हात मारला. पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून टेप गुंडाळलेली. पिवळीला कायम सप्लाय लागतो, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला. लाल चावीबरोबर चालू-बंद व्हायला हवी. इथे दोन्ही कायम सप्लायवर, त्यामुळे बटण दाबून बंद केला तरी सेट अर्धा जागाच. कारागिराने चावीची लाइन शोधायचा कंटाळा केला, दुसरं काय! वर एका पावसाळ्यात टेपचा गोंद पाघळून तांबं काळं पडलेलं.

लाल वेगळी काढून फ्यूजबॉक्समधल्या चावीच्या लाइनवर घेतली, तिला स्वतंत्र फ्यूज दिला. सांधे सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवली. आता मीटर 0.02 दाखवतो.

निळी वायर तर मोकळीच सोडलेली! छतावरच्या अँटेनाच्या अ‍ॅम्प्लिफायरला सप्लाय तिच्यातून जातो. ती जोडल्यावर घाटकोपरच्या पुलाखालीही रेडिओ स्वच्छ लागतो. मी उगाच इतके दिवस सेटला शिव्या देत होतो.

मोबाईलचा स्वस्तातला चार्जर लावला की खरखर अजून येते. सासरे गाडीत असले की तो काढून ठेवतो, त्यांना एफएम गोल्डवरच्या जुन्या गाण्यात खरखर चालत नाही.