गुंतवणुकीचं ॲप की कर्जाचं? प्रॉडक्ट मॅनेजरची ऑफर स्वीकारण्याआधी

नोकरीच्या जाहिरातीत दोन्हीकडे जवळपास एकच मजकूर असतो: रोडमॅप, ऑनबोर्डिंग, फनेल, इंजिनिअरिंगशी समन्वय. म्युच्युअल फंडांचं ॲप असो की पर्सनल लोनचं, पद एकच आणि पगाराचा आकडाही उन्नीस-बीस. रुजू झाल्यावरचं काम मात्र फार वेगळं निघतं. निवड करताना दोन गोष्टी तपासाव्यात: चूक झाली तर ग्राहकाला ती कुठे लागते, आणि कंपनीच्या खिशात पैसा नेमका कुठून येतो.

आधी चुकांचं बघू. गुंतवणुकीच्या ॲपवर ग्राहकाची सगळ्यात नेहमीची तक्रार अशी: "५ तारखेला खात्यातून ५,००० रुपये गेले, मग एनएव्ही (एका युनिटचा त्या दिवसाचा भाव) ७ तारखेचा का?" फेब्रुवारी २०२१ पासून सेबीच्या नियमाप्रमाणे रक्कम कितीही असली तरी पैसे फंडाच्या खात्यात प्रत्यक्ष पोचले त्या दिवसाचा एनएव्ही मिळतो, आणि इक्विटी फंडासाठी ते दुपारी ३ च्या आत पोचावे लागतात. बँकेने पैसे कापले म्हणजे ते पोचले असं नाही. त्यात जुलै २०२२ पासून ॲपला ग्राहकाचे पैसे स्वतःच्या खात्यात गोळा करता येत नाहीत. म्हणजे पैशाची खबर बँकेकडे आणि व्यवहार पुरे करणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे, युनिट्सची फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेककडे, आणि ग्राहकाचा राग तुमच्या स्क्रीनवर. इथला चांगला प्रॉडक्ट मॅनेजर 'प्रोसेसिंग' हा एकच शब्द लिहून थांबत नाही. पैसे कापले, फंडाकडे पोचले, युनिट्स मिळाले असे तीन वेगळे टप्पे दाखवतो आणि प्रत्येकापुढे अपेक्षित तारीख टाकतो. एवढ्यानेच मदत केंद्राकडचे फोन कमी होतात. एसआयपीचा, म्हणजे दरमहाच्या गुंतवणुकीचा, हप्ता चुकलाच तर फंड हाउस दंड लावत नाही; बँकेचं बाउन्स शुल्क मात्र बसतं. नुकसान होतं, पण ते भरून निघण्यासारखं असतं.

कर्जात तसं नाही. ईएमआय बाउन्स झाला की बँकेचं शुल्क वेगळं, कर्ज देणाऱ्या संस्थेचं वेगळं, आणि क्रेडिट ब्युरोत, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेत, नोंद. जानेवारी २०२५ पासून ब्युरोला माहिती किमान दर पंधरवड्याला जाते, त्यामुळे चूक लपायलाही वेळ मिळत नाही आणि सुधारायलाही. ग्राहकाने यूपीआयने ईएमआय भरला, पण तुमच्या सिस्टीमने तो खात्याला लावला नाही आणि दुसऱ्या दिवशी मँडेटनेही (खात्यातून आपोआप हप्ता कापण्याच्या परवानगीने) पैसे कापले, तर एकाच महिन्यात दोनदा पैसे जातात. किंवा दुसऱ्यांदा खात्यात शिल्लक नसते आणि हप्ता भरलेल्या माणसाच्या नावावर बाउन्स चढतो. कर्जाच्या ॲपमध्ये हिशेब जुळवणीचं काम कधीच 'पुढच्या तिमाहीत बघू' या यादीत टाकू नये.

दर कसा दाखवायचा, हाही इथलाच प्रश्न. ५०,००० रुपये, १२ महिने, वार्षिक २४ टक्के: ईएमआय सुमारे ४,७२८ रुपये. प्रक्रिया शुल्क २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८० रुपये आधीच कापले. हातात आले ४८,८२०. हप्ता तेवढाच राहिला. आता खरा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, २८.७ टक्क्यांच्या आसपास जातो. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार (सप्टेंबर २०२२, आणि २०२५ मध्ये एकत्र केलेले निर्देश) हा आकडा की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींच्या पत्रकात, द्यावाच लागतो. मार्केटिंगला बॅनरवर २४ हवा असतो. एपीआर त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरात ठेवायचा की तीन स्क्रीन पुढच्या पीडीएफमध्ये ढकलायचा, हे बहुतेक वेळा प्रॉडक्ट मॅनेजरच्या टेबलावर ठरतं. आमच्या मते तो त्याच पानावर हवा. त्यामुळे अर्जांची संख्या घटली, तरी घटलेले अर्ज पहिल्या ईएमआयला भांडणारेच असतात.

केवायसीचा त्रास दोन्हीकडे आहे, आणि मराठी नावांना तो जरा जास्तच होतो. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम. बँकेत आडनाव आधी. लग्नानंतर आधार बदललेलं, पॅन माहेरच्या नावाचं. खात्यात १ रुपया टाकून बँकेकडून आलेलं नाव मशीन जुळवतं आणि नापास करतं. गुंतवणुकीत अशी अर्जदार अडकून राहते, पुन्हा कागद मागून मार्ग निघतो. कर्जात रक्कम कर्जदाराच्याच खात्यात जायला हवी असते, म्हणून जुळणीची अट सैल केली तर फसवणूक आत येते आणि आवळली तर खरी माणसं बाहेर राहतात. शब्दांचा क्रम सोडून जुळवणी करा, मधलं नाव ऐच्छिक धरा, उरलेली प्रकरणं माणसाच्या नजरेखालून घाला.

आता पैसा. थेट फंड हाउसकडून घ्यायचे डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून आहेत आणि त्यांत वितरकाला कमिशन नाही. म्हणजे डायरेक्ट प्लॅन फुकट देणारं ॲप दुसरीकडून कमावणार: ब्रोकरेज, फ्युचर्स-ऑप्शन्स (शेअरच्या पुढच्या भावावरचे जोखमीचे सौदे), किंवा मग कर्जच. सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. होम स्क्रीनवर एसआयपीच्या शेजारी ऑप्शन्सचं बटण किती मोठं ठेवायचं, हा प्रश्न तुमच्यासमोर येणारच. कर्जाच्या ॲपचा पैसा निदान सरळ दिसतो: व्याजातला वाटा किंवा संस्थेकडून मिळणारं शुल्क. पण तो दुसऱ्याच्या भांडवलावर उभा असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जांचा जोखीम भार (कर्जामागे किती भांडवल बाजूला ठेवायचं ते ठरवणारं प्रमाण) १०० वरून १२५ टक्के केला, तेव्हा असं कर्ज देणं महागलं. भागीदार संस्थेने हात आखडता घेतला की वर्षाचा रोडमॅप बाजूला राहतो. त्या मानाने फंडांच्या बाजूचे बदल बहुधा मुदत देऊन येतात.

खर्च-नोंदीचं, अकाउंट अॅग्रीगेटरवर (ग्राहकाच्या संमतीने बँकांची माहिती आणून देणाऱ्या सेवेवर) चालणारं ॲप हा तिसरा पर्याय. शिकायला छान, पण कमाई बहुधा शेवटी कर्ज किंवा फंड विकूनच होते. त्यामुळे प्रश्न तेच.

आकडेमोड आणि जोखीम लवकर शिकायची असेल तर कर्जाचं ॲप निवडा. दर महिन्याच्या ५ तारखेला, ईएमआय कापला जातो तेव्हा, तुमच्या निर्णयाचा निकाल लागतो. गुंतवणुकीत चांगला निर्णय कळायला वर्षं लागतात आणि तेजीत सगळेच हुशार वाटतात. धीराने, सवय घडवणारं काम आवडत असेल तर तिकडे जा.

इसॉप्स, म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क, दोन्हीकडे देतात. नोकरी सोडल्यावर ते वापरायला किती दिवस मिळतात आणि वापरतानाचा कर कोणत्या भावावर बसतो, हे लेखी घ्या.

मुलाखतीत गुंतवणूकवाल्यांना विचारा: गेल्या तिमाहीच्या उत्पन्नात फ्युचर्स-ऑप्शन्सचा वाटा किती? कर्जवाल्यांना विचारा: वसुलीच्या एसएमएसचा मजकूर कोण मंजूर करतं, सकाळी ८ आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन जाणार नाहीत याची तपासणी कोणती टीम करते, आणि त्या टीमच्या बैठकीत प्रॉडक्ट मॅनेजरला बसवतात का? 'वसुली वेगळी, प्रॉडक्ट वेगळं' असं उत्तर आलं तर ती ऑफर सोडा.