प्रोमिथियस, आठ महिने वापरल्यावर : ‘अप’ दिसतोय म्हणजे धड आहे असं नाही

सात नंबरचा नोड, म्हणजे आमच्या बावीस मशीनपैकी एक, त्या रात्री सगळ्यात ठणठणीत दिसत होता. सीपीयू थंडगार, लोड जवळजवळ शून्य, मेमरी मोकळी, डॅशबोर्डवर हिरवागार. आणि त्याच रात्री त्याने एकट्याने फिल्मच्या ११६४ फ्रेम खाल्ल्या.

आधी घरची परिस्थिती सांगतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका छोट्या स्टुडिओची सिस्टीम मी सांभाळतो. टॉवेल-चादरीवाल्या कारखानदारांना कॅटलॉगसाठी थ्रीडी चित्रं आणि मिनिटा-दीड मिनिटाच्या फिल्म लागतात, त्या आम्ही ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करून, म्हणजे मशीनकडून फ्रेम-फ्रेम चितारून, देतो. पुण्याहून उचललेले २२ जुने ऑफिस डेस्कटॉप, सगळे एकाच मॉडेलचे. त्यांच्या डोक्यावर एक हेड नोड, आणि कामं वाटायला स्लर्म. दिवाळीनंतर मी यावर मशीनच्या तब्येतीचे आकडे गोळा करून साठवायला प्रोमिथियस, ते आकडे पुरवायला प्रत्येक मशीनवर नोड एक्स्पोर्टर, चित्रं बघायला ग्राफाना आणि निरोप धाडायला अलर्टमॅनेजर बसवलं. सगळं फुकट, म्हणून मालकांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगायला माझ्याकडे तेव्हा एवढंच होतं की प्रोमिथियस हे साउंडक्लाउड या गाणी ऐकवणाऱ्या कंपनीत २०१२ साली सुरू झालेलं काम आहे आणि आता जगभर चालतं.

बसवणं सोपं आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. एक्स्पोर्टर ९१०० पोर्टवर आकडे मांडून बसतो, प्रोमिथियस ठरलेल्या वेळाने प्रत्येकाच्या दारात जाऊन ते उचलून आणतो. आम्ही १५ सेकंद ठेवलेत. ग्राफानासाठी १८६० नंबरचा तयार डॅशबोर्ड मिळतो, तो ओढला की अर्ध्या तासात पडदा भरून जातो. इथेच माझी पहिली चूक झाली. पडदा भरला म्हणजे काम झालं, असं मला महिनाभर वाटत होतं.

आता ती रात्र. मिनिटभराची फिल्म, सेकंदाला २४ च्या हिशेबाने १४४० फ्रेम. एका फ्रेमला साधारण सहा मिनिटं. बावीस मशीन लागली की साडेसहा-सात तासांत काम उरकतं, म्हणून रात्री नऊला लावून घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर फोल्डरमध्ये २७६ फ्रेम. रांग रिकामी, सगळे नोड निवांत, एकही अलर्ट नाही. लॉग उघडला तर सव्वादहाच्या सुमारास सगळं संपलेलं.

झालं असं की सात नंबरच्या डिस्कवर लिहिताना एरर आली आणि लिनक्सने डिस्कचं ते विभाजन (पार्टिशन) फक्त वाचण्यापुरतं, म्हणजे रीड-ओन्ली, करून टाकलं. स्लर्मने फ्रेम दिली, ब्लेंडरला तात्पुरती फाइल लिहिता येईना, तीन-चार सेकंदांत काम नापास. नोड परत मोकळा. मोकळा दिसला म्हणून स्लर्मने पुढची फ्रेम दिली. ती पण नापास. बाकीचे एकवीस जण एकेका फ्रेमवर सहा-सहा मिनिटं राबत होते तोवर हा गडी चार सेकंदाला एक गिळत बसला. पंगतीत वाढपी जसा रिकामं ताट दिसेल तिकडेच परत परत वळतो आणि ताटावरचा माणूस गुपचूप सगळं पानाखाली सारतो, तसला प्रकार. जो नोड सगळ्यात लवकर नापास होतो तोच वाटणाऱ्याला सगळ्यात कामसू दिसतो. क्लस्टरवाल्यांत याला ब्लॅक होल नोड म्हणतात, हे मला त्या दिवशी दुपारी कळलं.

यात प्रोमिथियसचा दोष किती? खरं सांगायचं तर शून्य. ‘अप’ या मोजमापाचा अर्थ एवढाच की मी दार वाजवलं आणि आतून उत्तर आलं. घरात चूल पेटलीय की नाही हे ते सांगत नाही. आणि जास्त लागलं ते पुढचं : नोड एक्स्पोर्टर विभाजन रीड-ओन्ली झालंय का हे वेगळं मोजतो, आणि सात नंबरचा तो आकडा रात्रभर एकवर, म्हणजे ‘हो’वर होता. माझ्याच डेटाबेसमध्ये. विचारणारा कोणी नव्हता.

त्यावर दोन गोष्टी केल्या. स्लर्ममध्ये हेल्थ चेक प्रोग्राम म्हणून एक सोय आहे, ठरलेल्या वेळाने प्रत्येक नोडवर तुमची स्क्रिप्ट चालते. माझी स्क्रिप्ट डिस्कवर एक बारकी फाइल लिहिते, परत वाचते, पुसते. जमलं नाही तर नोड ड्रेनमध्ये टाकते, म्हणजे हातातलं काम पुरं होऊ दे पण नवीन देऊ नको. पण ही स्क्रिप्ट पाच मिनिटांनी चालते, आणि पाच मिनिटांत पंचाहत्तर फ्रेम जातात. म्हणून तीच तपासणी प्रोलॉगमध्येही टाकली. प्रोलॉग दरेक कामाच्या आधी चालतो; तो नापास झाला तर स्लर्म स्वतः नोडला ड्रेन करतो आणि काम परत रांगेत लावतो. एक खोच आहे : परत लावलेलं काम तो रोखून धरतो, रोखू नको असं कॉन्फिगरेशनमध्ये वेगळं लिहावं लागतं. मला ते माहीत नव्हतं, त्यामुळे पुढच्या वेळी एक फ्रेम दिवसभर ताटकळत राहिली आणि फिल्ममध्ये एक उडी आली. ती पार्टीच्या नजरेत आली नाही. आमच्या डिझायनरच्या आली.

जानेवारीतली गंमत वेगळी. गड्ड्याच्या जत्रेचे दिवस, होम मैदानावर पोरीला पाळण्यात बसवून खाली उभा होतो. खिशात फोन थरथरायला लागला तो थांबेना. एमआयडीसीत लाइट गेली होती आणि २२ नोडांबद्दल २२ वेगळे निरोप टेलिग्रामवर आले. लाइट आली तेव्हा बरे झाल्याचे आणखी २२. पाळण्यातनं उतरल्यावर पोरगी म्हणाली, “बाबा, तुमचा वाढदिवस आहे का?”

अलर्टमॅनेजरमध्ये यावर इलाज आहे आणि तो मी पहिल्या दिवशी वाचायला हवा होता. निरोप गटाने बांधता येतात. एक मोठा अलर्ट चालू असेल तर त्याच्या पोटातले बारके दाबता येतात; आता यूपीएस बॅटरीवर गेला की नोड डाऊनचे निरोप येतच नाहीत. आणि प्रोमिथियसच्या नियमात ‘फॉर’ लिहून, इतका वेळ टिकलं तरच बोंब मार, असं सांगता येतं. माझे नियम आधी लगेच पेटणारे होते. आता नोड डाऊनला तीन मिनिटं, तापमानाला दहा. निरोप इतके कमी झाले की आता एखादा आला तर मी खरोखर फोन बघतो. फेब्रुवारीपर्यंत मी तो ग्रुप म्यूट करून ठेवला होता, हेही कबूल करतो.

लाइटीवरून आठवलं. मशीन जुनी, मदरबोर्डवरचे घड्याळाचे सेल मेलेले. लाइट येऊन सगळी उठली की चार नंबर थेट कारखान्यातल्या तारखेला जाऊन बसायचा. इंटरनेट यायला उशीर, त्यामुळे घड्याळ दुरुस्त करायला बाहेरचा सर्व्हर नाही. स्लर्मची ओळखपरेड मंज नावाचा प्रोग्राम करतो, त्याचं ओळखपत्र पाच मिनिटांत शिळं होतं. घड्याळ चुकलेल्या नोडला तो उभंच करत नाही. तर एकीकडे स्लर्म म्हणतोय चार नंबर डाऊन, दुसरीकडे प्रोमिथियस म्हणतोय अप, आलेखही सरळ रेषेत. सरळ, कारण प्रोमिथियस आकडा आणल्यावर वेळेचा शिक्का स्वतःच्या घड्याळाचा मारतो. दोन तास मी नेटवर्कची वायर बदलत बसलो होतो. आता नोडचं घड्याळ आणि प्रोमिथियसचं घड्याळ यांची वजाबाकी करणारा एक नियम आहे, हेड नोडच सगळ्यांना वेळ सांगतो, आणि बावीसही मशीनचे सेल बदललेत. नवी पेठेतला दुकानदार बावीस सेल मोजून देताना म्हणाला, “काय बे, घड्याळाचं दुकान काढलं का?”

पण या आठ महिन्यांची खरी कमाई एप्रिल-मे मधली आहे.

सोलापूरचा मे मी सांगायला नको. बेचाळीस-त्रेचाळीसला एसी नुसता आवाज करतो. त्यात आमच्या भिंतीला भिंत लागून यंत्रमागाची शेड, सुताची बारीक धूळ चोवीस तास हवेत. एप्रिलमध्ये कामं थोडी उशिरा संपायला लागली. कुठला नोड मेला नव्हता, नापास कामं नव्हती. सीपीयू सगळीकडे १०० टक्के, म्हणजे सगळे राबतायत. मी उन्हाळ्यावर ढकलून मोकळा झालो होतो.

तेवढ्यात एक साधी गोष्ट सुचली. मशीन सगळी एकसारखी, फ्रेम जवळपास सारख्या. मग प्रत्येकाचा वेळही सारखाच हवा. नोड एक्स्पोर्टरला टेक्स्टफाइल कलेक्टर आहे : ठरलेल्या फोल्डरमध्ये एक मजकूर फाइल ठेवा, त्यातले आकडे तो प्रोमिथियसला दाखवतो. प्रत्येक नोडने शेवटच्या वीस फ्रेमचा सरासरी वेळ तिथे लिहायचा, आणि प्रोमिथियसने तो सगळ्या भावकीच्या मधल्या आकड्याशी ताडायचा. मधला आकडाच घ्या, सरासरी नको. एक आजारी नोड सरासरीला ओढून नेतो. फाइल आधी दुसऱ्या नावाने लिहून मग नाव बदला, नाहीतर अर्धवट लिहिलेली फाइल वाचली जाते.

पहिल्याच दिवशी तेरा नंबर उघडा पडला. बाकीचे सहा-साडेसहा मिनिटांत, हा साडेनऊला. सीपीयू १०० टक्के दोघांचाही. फरक होता तो वेगात : चिप तापली की स्वतःला वाचवायला कामाचा वेग उतरवते, इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप चिप शंभर अंशांच्या आसपास हे करतात. म्हणजे शंभर टक्के राबतोय हे खरंच, पण दम लागलेल्या माणसासारखा. एक्स्पोर्टर हे थ्रॉटलिंगही मोजतो, तो आकडा बघितला तर दुपारी भराभर चढत होता.

मशीन उघडलं. पंखा काढला तर हीटसिंकच्या पात्यांवर सुताच्या धुळीचा पापुद्रा बसलेला, दाट, राखाडी, जणू नमदा. चिमटीत धरून उचलला तर आख्खा एका तुकड्यात निघाला, कडा सुद्धा सरळ. आमचे मामा, म्हणजे रात्रपाळीचे वॉचमन, मागे उभे होते. आयुष्यभर मागावर काम केलेला माणूस. म्हणाले, “सायेब, ही बगा, चादर ईनली की मशिनीनं.” ब्लोअर मारून परत जोडलं. ९८ वर असणारं तापमान ७४ वर आलं आणि फ्रेम परत सहा मिनिटांवर. त्या आठवड्यात बावीस मशीन उघडली, सात चादरी निघाल्या.

बाकीचं थोडक्यात. डिस्क कधी भरेल याचा अंदाज बांधणारं प्रेडिक्ट-लिनिअर चांगलं आहे, पण रेंडरच्या तात्पुरत्या फाइलींनी ते उगाच घाबरतं. स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, त्यासाठी वेगळा एक्स्पोर्टर लावून बदलीची वाट बघणाऱ्या आणि बदललेल्या खराब सेक्टरवर नजर ठेवली, त्यावरून दोन डिस्क वेळेत काढल्या. जागेचं म्हणाल तर एका नमुन्याला, म्हणजे एकदा आणलेल्या एका आकड्याला, एक-दोन बाइट लागतात. प्रोमिथियस मुळात १५ दिवसांचाच इतिहास ठेवतो, आम्ही १८० दिवस केला तरी सगळं ३५ जीबीच्या आसपास बसतं. उन्हाळा आणि हिवाळा शेजारी ठेवून बघायचा तर १५ दिवसांत काही होत नाही.

तक्रारी? क्वेरीची भाषा डोकं खाते. रेट, म्हणजे आकडा किती वेगाने वाढतोय ते काढणारं फंक्शन, कुठे लावायचा, बेरीज आधी की रेट आधी, हे मला तीन वेळा चुकून समजलं. आणि प्रोमिथियस हेड नोडवरच बसवायचा आळस करू नका. मार्चमध्ये हेड नोड गेला तेव्हा सोबत प्रोमिथियसही गेला आणि दीड दिवस काहीच निरोप आला नाही. मी ती शांतता समजून सुखात होतो. आता जुळे सोलापूरला माझ्या घरी एक जुना लॅपटॉप आहे. प्रोमिथियस त्याला सतत एक निरोप पाठवत राहतो, आणि तो यायचा थांबला की लॅपटॉप मला उठवतो.

चार-पाच मशीन असतील तर एवढा खटाटोप करू नका, स्लर्मचा हेल्थ चेक आणि प्रोलॉग पुरे. दहाच्या पुढे असतील तर बसवा, पण तयार डॅशबोर्ड बघत बसण्याआधी तुमच्या कामाचा एक आकडा त्यात घाला. आमच्याकडे तो फ्रेमचा वेळ आहे. तुमच्याकडे दुसरं काही असेल.

हे लिहितोय तेव्हा तेरा नंबर परत ड्रेनमध्ये आहे, सव्वासात मिनिटांवर गेला होता. स्लर्म ड्रेन करताना कारण विचारतो. मी ‘चादर’ लिहिलंय.